बाहेरच्यांना प्रवेश नाही

विट्याजवळच्या त्या गावात घरटी एक माणूस तरी गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात. सोनं गाळायचं सेलमला नाहीतर गुवाहाटीला, जीव मात्र गावच्या यात्रेत. त्यांच्यासाठीच गावानं संकेतस्थळ काढून पालखी थेट दाखवायला सुरुवात केली. गेल्या वर्षी कुणा टवाळानं यंत्रांकरवी खोट्या भेटींचा लोंढा सोडला आणि ऐन पालखीत ते कोसळलं.

यंदा काम वीरधवलकडे आलं. पुण्याच्या कंपनीतला, हुशार, आणि ते कुणाला विसरू न देणारा. त्यानं संकेतस्थळाची दोन्ही डोमेनं, म्हणजे इंग्रजी आणि मराठी पत्ते, एका क्लाउड संरक्षण सेवेला जोडली. म्हणजे येणाऱ्यानं आधी त्यांच्या फाटकावर थांबायचं. खरा असेल तर आत, खोटा असेल तर परत. एवढ्यावर थांबला असता तर काही बिघडत नव्हतं. पण गेल्या वर्षीचा लोंढा परराज्यांतून आला होता, म्हणून यानं महाराष्ट्राबाहेरची वाटच बंद केली. वर अडवलेल्यांना दिसेल अशी पाटी लिहिली: ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही.’

"आता काय बिशाद हाय कुणाची!" त्यानं देवळाच्या माईकवरून सांगूनही टाकलं. टाळ्या पडल्या.

पालखी सुलाबाईच्या बंद घरापुढं टेकली, उठली, तरी संकेतस्थळ ठणठणीत. तेवढ्यात सेलमहून फोन. सुलाबाईच, त्याची थोरली आत्या. कंबर मोडल्यापासून अंथरुणावर. आपल्या दारात पालखी टेकलेली बघायची, एवढ्या आशेवर तिनं वर्ष काढलं होतं.

"वीरू, आमी कवापासनं रं बाहेरचं?"

आधी त्याला कळेना. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

"आत्या, ती पाटी चोरांसाठी हुती."

"चोर वाचतंय व्हय पाटी? नातवानं वाचली. मोठ्यानं. समदी गलाईची माणसं जमल्यात हितं."

त्यानं लगेच अट काढली. वाट क्षणात खुली झाली, पण पालखी पुढच्या आळीला लागली होती. तो मानकरी हंबीररावांकडे धावला.

"आवं तात्या, जरा मागं फिरवा की!"

"खुळा का काय? पालखी मागं फिरती व्हय? माईक घे, अन् का दिसलं न्हाई ते सांग."

त्यानं सांगितलं. पाटीसकट सगळं. कुणी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. हंबीररावांनी त्याच्या हातातून माईक काढून घेतला आणि पुढच्या घराचं नाव पुकारलं.