अण्णांच्या कोरड्या बॅटऱ्या

गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या गोळा करून विकणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळे कोरडेअण्णा म्हणत. ते काही आडनाव नव्हतं, कमावलेलं नाव होतं. बॅटरीतल्या ॲसिडला धंद्यातली माणसं पाणीच म्हणतात. बाकीचे भंगारवाले पाण्यासकट बॅटरी काट्यावर ठेवून वजन वाढवत. अण्णा मात्र प्रत्येक बॅटरी अंगणात उलटी करायचे, थेंब न् थेंब निथळू द्यायचे आणि मगच विकायला न्यायचे. "पाणी विकून पोट भरायचं नाही मला," म्हणताना छाती अशी फुगायची की सदऱ्याची बटणं कुरकुरावीत.

निथळायची जागा नळाशेजारी. तिथली माती पांढरट पडलेली, गवताची काडी उगवत नसे. "बरंच की, उपटायला नको," अण्णा म्हणायचे. त्याच मातीत त्यांची नात घरं बांधायची आणि मधूनच बोटं चाटायची.

पोर मोठी बडबडी. अण्णा म्हणत, हिला झोपवायचं म्हणजे आधी हिचं तोंड झोपवावं लागतं. पण हळूहळू ती मलूल झाली. पोट दुखे, जेवण जाईना, येत असलेले शब्दही अडखळू लागले. जंतांचं औषध देऊन झालं, हट्टीपणा म्हणून रागावूनही झालं. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं.

"शिसं? आमच्याकडे?" अण्णांनी हात झटकले. "वितळवतात ते भट्टीवाले. मी शिशाखाली कधी काडीसुद्धा ओढली नाही."

सुनेने वाद घातला नाही. पोरीचे कपडे पिशवीत भरता भरता एवढंच म्हणाली, "बाबा, कुठून येतंय ते सापडलं की कळवा. तोवर आम्ही माझ्या आईकडे राहतो."

घर खायला उठलं. त्याच सुमाराला वस्तीबाहेर जुन्या बॅटऱ्या घेणारं केंद्र उघडलं. तिथून त्या कारखान्यात जाणार आणि बंदिस्त जागेत त्यांचं शिसं वेगळं होणार. अण्णा हातगाडी भरून गेले. केंद्रावरच्या बाईंनी एक बॅटरी उचलून पाहिली.

"अण्णा, ही रिकामी कशी?"

"रिकामी नाही बाई, कोरडी. आपल्याकडे लबाडी नाही."

"मग पाणी कुठे गेलं?"

"ओतलं."

"कुठे?"

"अंगणात. आणखी कुठे, डोक्यावर?"

बाई हसल्या नाहीत. "त्या पाण्यात शिसं असतं, अण्णा. पाणी सुकतं, शिसं मातीत राहतं. घरात लहान मूल आहे का?"

अण्णा गाडी तिथेच टाकून घरी आले. नळाशेजारी पोरीने बांधलेलं मातीचं घर अजून तसंच होतं, दारावर बोटांचे ठसे. जन्मभर ज्या गोष्टीची मान ताठ करून फुशारकी मारली, ती पोरीच्या तोंडात गेली होती.

त्यांनी सुनेला फोन लावला. "सापडलं गं. माझ्याच हातून येत होतं."

केंद्राच्या माणसांनी माती खणून पिंपांत भरून नेली, वर फरशी टाकली. अण्णा आता केंद्रासाठी बॅटऱ्या गोळा करत आणि त्या पाणी न सांडता द्यायला दारोदार सांगत फिरू लागले. गॅरेजवाल्याने टोमणा मारलाच.

"काय अण्णा, म्हातारपणी पाणी विकायला निघालात?"

"हो. झाकण लाव, उभी ठेव, पाण्यासकट दे."

"आणि तुमचा तो खरेपणा?"

"तो अंगणात ओतला रे मी. माझी नात बोलायचं विसरली त्याने."

गॅरेजवाल्याने हातातली कलती केलेली बॅटरी उभी केली.

सून परतली तेव्हा अण्णा नुकतेच कामावरून आले होते. नात दोन्ही हात पसरून धावली आणि ते भिंतीला टेकेपर्यंत मागे सरले. "थांब बाळा, आधी अंघोळ करू दे. हे कपडे तुझ्या अंगाला नकोत."

ती नव्या फरशीवर बसून राहिली. रक्त सुधारेल, पण हरवलेलं सगळं परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी सुनेला आधीच सांगितलं होतं. अण्णा ओल्या केसांनी बाहेर येऊन तिच्याशेजारी बसले.

"आजोबा, मा... मा..." शब्द अडला. सून दारातून पुढे सरकली. अण्णांनी हातानेच तिला थांबवलं. ते पोरीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"माती कुठे?" अखेर तिने विचारलं.