सांसवाली दीदी दाराबाहेर

रायपूरच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये सरोजिनी देशकरला सगळे 'सांसवाली दीदी' म्हणत. रायपूर राज्याची राजधानी झाल्यावर शहरात मोठमोठी इस्पितळं आली, तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनीही बाळंतपणात सोबतीला एक शिकलेली बाई ठेवायचं ठरवलं आणि सरोजिनीला नागपूरला शिकायला पाठवलं. कागदावर तिचं पद 'डूला' असं होतं. तो शब्द कोणाच्या तोंडी बसला नाही.

काम सांगायला सोपं होतं. कळा येणाऱ्या बाईजवळ राहायचं, कंबर दाबून द्यायची, फेऱ्या मारायला लावायच्या, श्वास कसा घ्यायचा-सोडायचा ते शिकवायचं, दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी पाजायचं. "जबडा सैल सोड वो. वरचं सैल झालं का खालचं आपोआप होते," ती सांगे आणि स्वतः ओठ सोडून घोड्यासारखं फुर्र करून दाखवी. कळेतली बाईसुद्धा हसे.

पण बूढापारा मोहल्ल्यातल्या घरी आली की तिच्या पोटात काही राहत नसे. पानं वाढता वाढता दिवसभराचं सगळं बाहेर येई. नाव ती कधी घेत नसे, पण 'कटोरा तालाबकडची, मिठाईवाल्याची सून' म्हटल्यावर नावाची गरज काय? कोणी सासूला कोणत्या शिव्या घातल्या, कोणी नवऱ्याला पुन्हा खोलीत घेणार नाही म्हणून शपथ घेतली, कोणाची चादर बदलावी लागली. नवरा श्यामकांत, रेल्वेतून निवृत्त झालेला, पोळीचा तुकडा हातात धरून हसत राही. मुलगा भार्गवला ठसका लागे. सून ऋता भाजी वाढत असे.

ऋताला दिवस गेले तेव्हा आत आपणच असणार हे सरोजिनीनं धरूनच ठेवलं होतं. माहेरी अभनपूरला दवाखान्याची सोय नीट नाही म्हणून बाळंतपण इथंच, सरोजिनीच्या नर्सिंग होममध्ये ठरलं. ऋताची आई लहानपणीच गेलेली; जिनं तिला वाढवलं ती शांतामावशी कळा सुरू झाल्याचं कळताच सकाळच्या बसनं आली.

प्रसूतीच्या खोलीच्या दारात सिस्टरनं विचारलं, "साथ में कौन रहेगा? एक ही लेडीज."

"मावशी," ऋता म्हणाली.

सरोजिनी हसली. "शांताबाई त इंजेक्शन पाहून खाली बसतात."

"आई, आप बाहर रहिए."

"काहून?"

ऋतानं चौकट घट्ट धरली. कळ ओसरल्यावर म्हणाली, "आप घर में सबका बताते हो. मेरा भी बताओगे."

शांताबाई सरोजिनीची नजर चुकवून ऋतामागून आत गेली.

सरोजिनीनं बाहेरच्या खुर्च्या भिंतीला लावल्या. परत पुढे ओढल्या. लसीचा तक्ता वाचला. नव्या रायपूरच्या ऑफिसातून भार्गव धावत आला आणि म्हणाला, "आई, बस ना जरा."

"बसूनच त राहिली," ती उभ्यानं म्हणाली.

आपण कोणाचं नाव घेतलं कधी? हसायचं सांगत होतो, हसत होते सगळे. ऋता हसली होती का, हे मात्र तिला आठवेना. आतून आवाज आला की तिची बोटं वळत. ही कळ कंबरेत आहे, हे तिला भिंतीपलीकडून कळत होतं.

दार उघडलं. शांताबाई घामेजून बाहेर आली. "मले नाही जमत. पोट्टी कंबर कंबर करून राहिली. तुम्हीच जा, ताई."

"आ जाओ ना दीदी," सिस्टरही म्हणाली.

सरोजिनीचा पाय उंबऱ्याच्या आत गेलासुद्धा. ऋता भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती, डोळे मिटलेले. पाठीवर कोणाचे हात पडले हे तिला कळलंही नसतं.

सरोजिनीनं पाय मागे घेतला. वळून तिनं बाहेरच्या खिडकीचे गज धरले आणि स्वतःची पाठ शांताबाईपुढे केली. "दाबा, शांताबाई. अंहं, खाली. तळहातानं. अभनपूरले कणीक तिंबता का नाही?"

"लागन तुम्हाले."

"माझं सोडा. अजून जोर. आता बोलू नका, फक्त दाबा. अन् तिचा जबडा आवळला का फुर्र करा."

"मी करू?"

"दोघी करा."

दार लागलं. तिथून पुढे सरोजिनीनं किती फेऱ्या मारल्या, ते भार्गवलाच ठाऊक. शेवटी बाळ रडलं.

शांताबाई डोळे पुसत, हसत बाहेर आली. "पोट्टी झाली. नात फार चांगली आहे. अन् ताई, ऋतानं आत काय काय म्हटलं, तुमच्यावरून त..."

"काय म्हटलं?" भार्गव हसत पुढे सरकला.

सरोजिनीचे सगळे प्राण कानात आले होते. "सांगू नका," ती म्हणाली. "मलेही नको, यालेही नको."

"अवो, चांगलंच म्हटलं. म्हणजे, शेवटी शेवटी."

"चांगलंही नको."

"मंग मी कोणाले सांगू?" शांताबाई हिरमुसली.

"चहा पिऊन या."

थोड्या वेळानं आत सोडलं. ऋतानं सासूकडे बघून विचारलं, "मावशीनं काय सांगितलं?"

"पोट्टी झाली म्हणे."

ऋतानं तिच्या खांद्यावरून भार्गवकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. तरी ती थोडा वेळ बघत राहिली, मग डोळे मिटले.

सरोजिनीचा फोन वाजला. ती बाहेर आली आणि बोलता बोलता पुन्हा चालू लागली. श्यामकांत घरून विचारत होता, "सांग बरं, कसं कसं झालं?"

"पोट्टी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"अन्?"

"अन् काय? डबा घेऊन या."