काका, लॉगआउट करा

जूनमधला दुसरा मंगळवार. काम एकच: बॅकअप पूर्ण करून दाखवायचा.

मानपाड्याच्या रंगांच्या कारखान्यात मी युनिक्स सर्व्हर सांभाळते. आठवडाभर बॅकअपची फाइल एक जीबीला आली की बंद पडत होती. साहेब माझ्याहून लहान, घाईचे.

"मॅडम, मशीन म्हातारं झालंय. उद्या सकाळी भंगारवाला बोलावलाय."

"म्हातारं मशीन कुठेही अडखळेल, साहेब. हे रोज त्याच जागी थांबतंय. डिस्क अर्धी रिकामी आहे."

"मग?"

"एका युझरने केवढी फाइल करायची, ती मर्यादा मशीनमध्ये आधीपासून ठरलेली असते. आपला डेटा तिच्याबाहेर गेलाय. बदलते."

"डिफॉल्टला हात लावू नका. बनवणाऱ्यांनी विचार करूनच ठेवलं असेल."

"त्यांनी आपला कारखाना पाहिलाय का?"

"संध्याकाळपर्यंत दाखवा. नाहीतर मशीन जाईल."

मशीनबरोबर माझी नोकरीही जाणार, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. मी हात लावला. सगळ्यांसाठीच्या मर्यादेच्या जागी उणे एक लिहिलं. युनिक्सला त्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा कळतो. ऑपरेटर काकांनी बॅकअप सुरू केला.

फाइल पुन्हा एक जीबीलाच थांबली.

साहेब दारातून हसले. "झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. काकांच्या मॉनिटरवर वाळलेला झेंडू चिकटवलेला होता. "काका, शेवटचं लॉगआउट कधी केलेलं?"

"दसऱ्याला. पूजा करून लॉगइन करतो, मग पुढच्या दसऱ्यापर्यंत नाही मोडत. चालू कामात अपशकुन कशाला?"

तिथेच घोडं अडलं होतं. मर्यादा लॉगइन करतानाच लागते. काका गेल्या दसऱ्याची मर्यादा घेऊन बसले होते.

"लॉगआउट करा."

"अहो मॅडम, पण..."

"नारळ मी फोडते. करा."

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. पुन्हा लॉगइन, पुन्हा बॅकअप. फाइल एक जीबी ओलांडून पुढे गेली आणि जातच राहिली. साहेबांना अचानक फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळ घेऊन गेले, गेटजवळ फोडला, खोबरं काकांना दिलं. भंगारवाला टेम्पो लावून उभाच होता. त्याला रिकाम्या हाताने कशाला पाठवायचं? साहेबांच्या केबिनबाहेरचा बंद प्रिंटर मी त्याला उचलायला लावला.