पडले नाही, उतरले

मी खाटेवरून पडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बोईसरच्या त्या दवाखान्यात माझ्या कागदावर तीनदा लिहिलं, म्हातारी पडली. अहो, मी उतरले होते. आधी उजवा पाय टेकला, मग डावा, चादर खाली ओढली, नीट अंथरली आणि निजले. पडणारं माणूस चादर अंथरतं का?

आम्ही वारली. उमरोळीच्या पूर्वेला आमचा पाडा. जन्मभर सारवलेल्या भुईला पाठ लावून निजले, पोरंही तिथंच झाली. छातीत कफ भरला म्हणून सुनेनं दवाखान्यात घातलं. औषधानं उतार पडला, पण त्या उंच लोखंडी खाटेवर डोळा लागेना. वाटायचं, कुणी आपल्याला उचलून धरलंय आणि आता सोडून देणार.

सिस्टर केरळची. पोर गुणाची, पण तिची हिंदी तिकडची, माझी इकडची.

"अम्मा, नीचे नहीं! कुछ हो गया तो मेरा नौकरी जाएगा."

मी हातवारे करून सांगायची, ती मान हलवायची आणि कागदावर लिहायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाग आली तर दोन्ही मनगटं खाटेच्या दांडीला पट्टीनं बांधलेली. बैलाला दावं लावावं तशी. आयामावशी लादी पुसत होती. ती कुंभवलीची, तिला माझं बोलणं कळायचं.

"हात सोड माझे," मी म्हटलं.

"गप पडून ऱ्हा म्हातारे. तुमा पाड्यावरच्यांना खाट सोसत नाय."

"सोसत नाय, तेच सांगते ना कवापासून! तू सांगितलंस का तिला?"

तिचा हात थांबला. "मला कोण इचारतो?"

हे मात्र खरं होतं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं, मलाही नाही.

तेवढ्यात सून कंपनीतून सुटून डबा घेऊन आली. पट्ट्या बघून रडायला लागली. मी म्हटलं, "रडू नको आन् भरवू पण नको. हात सुटल्याबिगर मी घास घेणार नाय, गोळी घेणार नाय." सिस्टर धावत आली, अम्मा-अम्मा करत चमचा पुढे करू लागली. मी तोंड मिटलं ते मिटलंच.

आयामावशी सुनेला म्हणाली, "एवढी बडबडी बाय गप झाली. आता घाबरा." मग तिनं फडकं बादलीत टाकलं आणि सिस्टरकडे वळली. "सिस्टर, ये गिरती नहीं, खुद उतरती है. इनके घर में सब नीचे सोते हैं."

"पहले क्यों नहीं बताया?"

"पूछा किसने?"

सिस्टरनं चमचा डब्यावर ठेवला. मग माझ्याजवळ वाकली आणि पहिल्यांदा विचारलं, "अम्मा, आपको कैसे सोना है?"

तोंड न उघडता हनुवटीनं दाखवलं. गादी खाली, पाठ भिंतीला. तिनं डॉक्टरांना विचारलं, मग पट्ट्या सोडल्या. मनगटावर लाल वळ उठले होते, ते तिनं स्वतः चोळले. मी तोंड उघडलं. आधी भात खाल्ला, मग बोलले.

गादी खाली आली. आता सुई द्यायला सिस्टरला वाकावं लागे. "अम्मा, मेरा कमर!"

"मांडी घालून बस की. शीक जरा."

बसली बिचारी. पुढं तर सुई झाल्यावरही दोन घटका बसून राहायची.

घरी सोडायच्या दिवशी तिनं कागद पुढे केला. इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायला लावलं मी तिला. तीनदा 'पडली' तसंच होतं.

"हे खोड."

"काट नहीं सकते, अम्मा."

"बरं. मग खाली जागा हाय ना?"

तिनं अंगठ्यासाठी शाईची डबी सरकवली. मी ती परत सरकवली आणि पेन मागितलं. नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले ती अशीच कधी कामाला येतील म्हणून. वेळ लागला, रिक्षावाला बाहेर ओरडत होता, ओरडू दे म्हटलं. तीनदा लिहिलं, त्यांनी लिहिलं होतं तितक्याच वेळा. 'पडले नाही, उतरले.' आणि खाली माझी सही.