मूठ समोरच्याकडे

...तर होबर्टने ते गुलाबी मुठीचं, चिमुकलं रिव्हॉल्व्हर दुकानातल्या काचेच्या कपाटावर ठेवलं आणि डेल्फियाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कोणी तिच्या ताटात प्लॅस्टिकचं अंडं वाढलंय. इथवर आलो होतो आपण काल. मग माझी कॉफी संपली आणि तुम्ही जांभया द्यायला लागलात.

"बायकांसाठी हेच खपतं, मावशी," होबर्ट म्हणाला. "हलकं आहे. पर्समध्ये टाकलंत की आहे म्हणून जाणवायचंसुद्धा नाही."

"माझ्या पर्समधलं मला आधीच काही सापडत नाही. त्यात आणखी हे टाकू?"

बाकावर बसलेले आम्ही सगळे हसलो. होबर्टच्या दुकानात गळाला लावायची गांडुळं, जुनी टायरं, तंबाखू आणि बंदुका एकाच छपराखाली मिळतात, आणि शेगडीजवळ एक बाक आहे. त्या बाकावर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला डेल्फियाने कधी ना कधी कान धरून खाली बसवलेलं आहे. ती शाळेची बस चालवायची. आमच्या ओढ्याकाठच्या रस्त्यावर, एका बाजूला कडा आणि एका बाजूला पाणी, अशी बस तिने जन्मभर चालवली, आणि आरशात बघून मागच्या पोराला नावानिशी हाक मारायची. मी तिच्या वयाचा, म्हणून वाचलो.

शिवाय तिचा नेम. पानगळीच्या दिवसांत अग्निशमन केंद्राच्या मागे दर शनिवारी नेमबाजी लागते. कागदावर मारायचं, जिंकणाऱ्याला डुकराची अख्खी तंगडी, धुरावर मुरवलेली. डेल्फियाकडे लांब नळीचं एक जुनं पिस्तूल होतं, नवऱ्याने, चेस्टरने दिलेलं. त्याने तिने इतक्या तंगड्या जिंकल्या की कोणीतरी म्हणालं, आता डुकरं तिचं नाव ऐकून लंगडायला लागलीत.

ते पिस्तूल एक दिवस खणातून नाहीसं झालं. कुलूप तुटलेलं नव्हतं. कुलपाची किल्ली पिठाच्या डब्यात असते हे तिला माहीत होतं आणि तिच्या रॉन्डलला.

रॉन्डल तिचा एकुलता एक. खाणीत छत कोसळलं, त्याची पाठ मोडली, डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. मग घरातला टीव्ही गेला, लाकूड कापायचं यंत्र गेलं, चेस्टरचं घड्याळ गेलं. पिस्तुलानंतर तर तो चर्चच्या अंगणात तिला पैशांसाठी गाठायला लागला. एका रविवारी तिचं मनगट काळंनिळं झालेलं होतं. बर्फावरून घसरले म्हणाली, भर ऑगस्टमध्ये. कोणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात ती होबर्टकडे आली होती. मागणी सरळ होती.

"एकच हवंय. शनिवारी नेम मारायला, घरात हाताशी ठेवायला आणि बाहेर जाताना अंगावर बाळगायला. कोणाला दिसता कामा नये."

"अहो डेल्फियाबाई," बाकावरचा फॉस्टर म्हणाला, "नांगराला, शर्यतीला आणि चर्चला जायला एकच घोडा?"

"तुझ्या बापाकडे एकच होता, फॉस्टर. आणि तो तुझ्यापेक्षा शहाणा होता."

"बाप की घोडा?"

"तूच ठरव."

मग आम्ही सगळे दुकानामागे गेलो. तिथे मातीचा उंच बांध आहे, त्याला कागद लावलेले असतात. तिने आधी ते गुलाबी चालवलं. गोळी कुठे गेली देव जाणे. कागद कोरा आणि तिच्या अंगठ्याजवळची कातडी सोललेली. आमच्याकडचे पुरुष इथेच फसतात. बाई लहान, तर बंदूक लहान, असा हिशेब करून हौसेने बायकोला घेऊन देतात. हत्यार जितकं हलकं तितका त्याचा झटका वाईट. बायको एकदा चालवते, हात झटकते आणि ते मोज्यांच्या खणात जातं. मी माझ्या हिलाही तेच दिलं होतं. ती त्याने अक्रोड फोडते.

"हे चोराला नाही, मलाच मारतंय," डेल्फिया म्हणाली.

मग होबर्टने चपटं, आपोआप भरणारं पिस्तूल आणलं. पण ते सज्ज करायला वरचा पोलादी भाग खेचून मागे घ्यावा लागतो. तिच्या बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी झालेली. तिने ओढलं, दात आवळून ओढलं. तो भाग काही हलला नाही. फॉस्टर मदतीला पुढे झाला तशी म्हणाली, "तू काय माझ्या घरी मुक्कामाला येणारेस?"

लांब नळीचंही एक होतं, तिच्या हरवलेल्याचं भावंडच. ते तिने हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. "हे लपवायचं तर मला अजून एक बाई अंगावर चढवावी लागेल," एवढंच म्हणाली आणि परत दिलं.

शेवटी होबर्टने आतून एक मध्यम नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं. जुनं, पोलादी, कोण्या पहारेकऱ्याने निवृत्त होताना विकलेलं. वजनदार, म्हणून झटका कमी. त्यात बेताच्या जोराची काडतुसं घातली. डेल्फियाने गळ्यातल्या दोरीचा जाड चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सावकाश मारत गेली. कागदावरची सगळी भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती.

"मावशी," होबर्ट म्हणाला, "घरात कोणी शिरलं तर चष्मा शोधत बसणार का?"

"गळ्यातच असतो. झोपतेसुद्धा घालून. त्याच्याशिवाय मला पुढचं सगळं धुकं."

तिने काडतुसांची चकती उघडली, रिकाम्या पुंगळ्या हातावर घेतल्या, आत बघितलं, त्याला दाखवलं आणि मूठ त्याच्याकडे करून रिव्हॉल्व्हर परत दिलं. होबर्ट म्हणाला, "थँक यू, मॅम." आमच्या खोऱ्यात हत्यार असंच हातातून हातात जातं. उघडं, रिकामं, मूठ समोरच्याकडे, आणि घेणाऱ्याने आभार मानायचे. बोलायला लागलेल्या पोरालाही हे येतं. डेल्फियाने रॉन्डलला स्वयंपाकघरात लाकडी पिस्तुलावर शिकवलं होतं. आभार मानायला विसरला की त्या दिवशी गोड बंद. आम्ही त्याला चिडवायचो, तो रडायचा, पण पुन्हा विसरला नाही.

"एक शेवटचं," होबर्ट म्हणाला. "घरासाठी घेणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. दारातून जो येईल, त्याच्यावर चालवाल ना? नाहीतर घेऊ नका. तो तेच तुमच्याकडून काढून घेईल."

बाकावरचे सगळे बांधाकडे बघायला लागले. फॉस्टरला एकाएकी बुटाची नाडी आठवली. दारातून कोण येईल हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"पिशवी देतोस का रे, होबर्ट," डेल्फिया म्हणाली, "का तीही वेगळी विकतोस?"

ती पानगळ बरी गेली, खोटं कशाला बोलू. त्या पहारेकऱ्याच्या रिव्हॉल्व्हरने तिने शनिवारी तंगडी जिंकली आणि फॉस्टरला हाड देऊ केलं. एप्रनच्या आतल्या बाजूने तिने जाड कापडाचा खिसा शिवला होता, वरून काही दिसायचं नाही. चर्चच्या अंगणात रॉन्डल लांबूनच गाडीला टेकून उभा राहायचा, जवळ यायचा नाही. मला वाटलं, सुटली म्हातारी. मी तर घरी हिला तसं सांगूनही टाकलं.

पहिलं हिव पडलं त्या दिवशी मी तिला सरपण द्यायला गेलो. भर दुपार. दार नुसतं लोटलेलं. डेल्फिया टेबलाशी बसलेली, समोर घेवड्याचं कालवण गार झालेलं, मक्याचा पाव तसाच. एप्रनचा खिसा उलटा बाहेर लोंबत होता आणि बशीत काडतुसं.

"रॉन्डल येऊन गेला, आर्व्हिल," ती म्हणाली. "पाय पुसून आत आला बघ."

तिने मला सगळं सांगितलं, बस किती वाजता सुटते हे सांगावं तशा आवाजात. तो आला तेव्हा ती चुलीमागे होती. तिने रिव्हॉल्व्हर काढलं, दोन्ही हातांनी धरलं. तो दारातच थांबला. नुसता सापळा उरलेला. पुढे आला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "आई, दे ते." आणि तिच्या हातांनी आपसूक चकती उघडली, काडतुसं तळव्यात ओतली, आत बघितलं, त्याला दाखवलं आणि मूठ त्याच्याकडे केली.

"थँक यू, मॅम म्हणाला," ती म्हणाली. "अजून लक्षात आहे त्याच्या."

मग त्याने उरलेली तंगडी फडक्यात गुंडाळली आणि गेला. ते रिव्हॉल्व्हर संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी गाडीच्या डिकीत त्या दुखण्याच्या गोळ्यांच्या बदल्यात जाणार, हे मला कळत होतं आणि तिलाही. आता पुढच्या वेळी तो येईल तेव्हा तिच्या घरात तिच्याखेरीज न्यायला काही उरलेलं नव्हतं.

मी म्हातारा माणूस, पण माझं डोकं फिरलं. सरपण तिथेच आपटलं.

"अगं, त्याच्या पायाशी तरी एक मारायचीस! घाबरून पळाला असता! अख्ख्या खोऱ्यात तुझ्यासारखा नेम नाही. चांगलं निवडून घेतलंस, हाताशी होतं, भरलेलं होतं, चष्मा गळ्यात होता!"

तिने बशीतली काडतुसं बोटाने एका बाजूला केली, मला बसायला जागा असावी तशी. मग म्हणाली, "होता ना. तो डोळ्यांवर नव्हता तोवर दारात कोणीतरी बाप्या उभा होता, आर्व्हिल, आणि त्याच्यावर मी चालवलंही असतं. मग नेम धरायला चष्मा चढवला, तर तो रॉन्डल होता."