पारावर पाठ करून बसलेली माणसं

आमच्या घरी फटफटी आली ती ह्यांच्या हट्टानं. ह्यांना वेगाचं भारी वेड. ती गाडी आधी बुलढाण्याच्या एका ठेकेदाराच्या पोराची होती. त्यानं ती राजूरच्या घाटात शर्यती लावून पळवलेली. लालभडक रंग, बुटकं हँडल, बसलं की माणूस पुढं वाकलेलाच. गावात तिला रेसची गाडी म्हणत. कापूस विकला गेला आणि एक दिवस हे ती घेऊनच आले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाल्या, "बरी तांबडी कालवड आणली बापा. दूधबी देत नाही अन् नांगरालेबी चालत नाही."

त्या गाडीवर आपण कधी पुढं बसू असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी आपली शिवणबाई. शाळा चौथीपर्यंत. शिवण शिकले ती जुन्या चोळ्या उसवून, तुकडे जमिनीवर मांडून, बघून बघून. पण जवळच्या बीबी गावात महिला मंडळाचा शिवणवर्ग निघाला आणि तो माझ्याकडं आला. रोज सकाळी हे मला मागं बसवून बीबीला सोडत आणि मग शेतात जात. दहाला वर्ग उघडायचा. बस होती, पण ती दुपारची.

वैशाखात हे आंबे उतरवताना फांदीवरून पडले. उजवा हात मोडला, गळ्यात झोळी आली. मी पायी जायला लागले. रस्ता लांब, ऊन तापलेलं, आणि घरची भाकरी केल्याशिवाय निघता येत नसे. पोहोचेपर्यंत पोरी ओट्यावर बसून कंटाळलेल्या असत. मंडळाच्या बाई भल्या होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सोमवारपासून वर्ग वेळेवर उघडला नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

घरात मी सून होते, गावात अमक्याची बायको. त्या वर्गात मला पहिल्यांदा कुणी 'बाई' म्हणालं होतं. ते जाणार म्हटल्यावर मी रात्री भाकरी वाढता वाढता ह्यांना सगळं सांगितलं.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू चालव न."

"काय?"

"फटफटी. मशीनवर पाय वेगळा चालते, हात वेगळा चालते. तसंच हाय हे."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. आता त्या काय ते बोलतील आणि विषय मिटेल. त्या म्हणाल्या, "पाचवारी नेसून कशी बसन ते? लुगडं नेस. कासोटा घट्ट मार." आणि पेटीतून स्वतःचं लुगडं काढून माझ्या पुढ्यात टाकलं.

खळं तेव्हा रिकामं होतं. मधली मेढ, बैल बांधायचा खांब, तेवढी उभी. मळणीच्या बैलांची पात ज्या वाटेनं फिरे त्याच गोल वाटेनं मी गाडी फिरवायची आणि हे मेढीला टेकून, हात झोळीत, ओरडायचे. त्या गाडीचा दांडा मोठा विचित्र. त्यालाच किक मारायची आणि तोच पुढं वळवला की गिअर व्हायचा. मी किक मारून दांडा वळवायला विसरायची आणि गाडी जागची हलायची नाही. शेजारची जाऊ कुंपणावरून म्हणे, "काऊन वं, पात हाकून राह्यली का? तोंडाले मुसकं बांध, नाहीतं दाणे खाशील."

चार-पाच सकाळींत गाडी मला वश झाली. एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नाही. खळ्यावर पात एकाच अंगानं फिरते. मी शिकले होते ते फक्त डावीकडं वळणं.

रविवारी ह्यांनी मला गावातून एक चक्कर मारायला लावली. गावाच्या मध्ये वडाचा पार. पारावर म्हातारी मंडळी बसलेली, आणि त्यात ह्यांचे काका, माझे चुलत सासरे. सुनेनं त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर ढळू द्यायचा नाही, आणि बोलायचं तर नाहीच. मी निघताना पदर घेतलेला होता. वाऱ्यानं तो मागं पडला, मला कळलंही नाही. कळलं ते काकांना पाहिल्यावर. मग काय, इतक्या वर्षांची सवय. उजवा हात हँडल सोडून सरळ डोक्यावर गेला.

गाडी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. उकिरडा होता म्हणून हाडं वाचली. पोटरी तेवढी सायलेन्सरला भाजली.

"सूनबाईले लागलं का, पाहा रे कोणी," काका बाकीच्यांना म्हणाले.

मी तिथंच शेणात बसून आधी पदर पुढं ओढला आणि पदराच्या आतून मान हलवली, नाही म्हणून.

संध्याकाळी काका घरी आले. दारात खाकरले. मी आतल्या खोलीत, पोटरीला कोरफड लावत. मनात म्हटलं, झालं. आता गाडी बंद, वर्ग बंद. घरातलं मोठं माणूस एकदा नाही म्हणालं की ह्यांचंही काही चालणार नव्हतं.

काका माझ्याशी बोलणार नव्हतेच. ते आत्याबाईंना म्हणाले, "वहिनी, सूनबाईले सांगा, गाडीवर असली की पदराले हात लावाचा नाही."

"अन् मोठ्या मान्साचा मान?" आत्याबाईंनी विचारलं.

"आमी पाठ करून बसतो न. त्या गाडीचा आवाज तं वेशीपासून येते. मान आमचा आमी सांभाळून घिऊ." मग म्हणाले, "उकिरडा रोज रोज मधात येत नाही, वहिनी."

आत्याबाई चहा ठेवायला आत आल्या. माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या आणि गूळ जरा जास्तच टाकला.

सोमवारी मी लुगडं नेसून निघाले. पार दिसला. सगळे पटके पलीकडं तोंड करून बसलेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात हँडलवरच ठेवले. आणि तेवढ्यात आठवलं, बीबीचा रस्ता पारापासून उजवीकडं जातो. उजवीकडं काही मला वळता येईना. मग मी आपली डावी धरून पाराला अख्खा वेढा घातला. आता मी ज्या बाजूला जाईन तिकडं म्हाताऱ्यांची तोंडं. बिचारे माझ्या आवाजासोबत पारावर बसल्या बसल्या फिरत राह्यले. वेढा पुरा करून मी बीबीच्या रस्त्याला लागले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मारोतीलेबी कोणी अशी उलटी प्रदक्षिणा घालत नाही बे."

वर्ग वेळेवर उघडला. पोरी ओट्यावर येऊन बसायच्या आत मी कुलूप काढलं होतं.

ह्यांचा हात पुढं बरा झाला. पण हे म्हणाले, "तूच ने. मले मागं बसून वावरं पाहाले मिळतात." उजवीकडं वळायलाही शिकवलं. त्या वर्गातून किती मुली शिवण शिकून आपल्या पायावर उभ्या राहिल्या, त्या अजून भेटल्या की बाई म्हणतात. मला मात्र तेव्हा पार आठवतो. मला रस्ता देण्यासाठी त्या माणसांनी आपली जुनी चाल मोडली नाही, नुसतं तोंड फिरवलं.

पारावरची मंडळी एकेक करून गेली. शेवटी काका एकटेच उरले. त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. तरी गाडीचा आवाज आला की ते काठी हाताशी घेऊन हळूहळू पाठ वळवत. एक दिवस मला राहवलं नाही. मी गाडी बंद केली, खाली उतरले, पदर नीट डोक्यावर घेतला आणि त्यांच्या पाया पडले.

त्यांनी हात चाचपत माझ्या डोक्यावर ठेवला. पदर हाताला लागला तसे हसले.

"जाय पोरी," ते म्हणाले. पहिल्यांदा थेट माझ्याशी. "पोरी वाट पाहून राह्यल्या असतीन."