गर्जे सरांचे इलेक्ट्रॉन

गर्जे सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असं : "हितं श्वास घ्यायचा न्हाई." मी मालवणचा, सातवीतून शाळा सोडलेला. फोटो स्टुडिओतल्या कामाच्या जोरावर नगरच्या एका कॉलेजात, सरांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत फोटो धुवायला-छापायला, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलो होतो, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. मी खरोखरच श्वास रोखून धरला. शेवटी सरच म्हणाले, "घे रे, मरशील. फक्त हळू घे."

टेबलावर शहाबादी फरशी, तिच्याखाली हादरे बसू नयेत म्हणून टेम्पोच्या हवा भरलेल्या ट्यूबा, वर आरसे. उजेडाचा झोत दोन वाटांनी जाऊन पुन्हा एकत्र आला की उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पडत. एका वाटेत ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लेझर मारला की ठिणगी उडे. तिला सर प्लाझ्मा म्हणत, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तापलेला वायू. तिथे पट्ट्या वाकत. किती वाकल्या, त्यावरून इलेक्ट्रॉन किती दाट ते मोजायचं. इलेक्ट्रॉन असले तर पट्ट्या डावीकडे, नुसता वायू असला तर उजवीकडे. जोरात श्वास सोडला तरी पट्ट्या थरथरत. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला तरी थरथरत आणि सर खिडकीतून ड्रायव्हरला हात जोडत.

सर तिसगावकडच्या शेतकरी घरातले. वर्गात पुस्तकी बोलत, प्रयोगशाळेत गावाकडचं. आरसा सरकला तर त्याला बैलासारखं दटावत, "गप उभा राहा की."

लेझर पुण्याहून उसना आणलेला, शनिवारी परत जायचा होता. सोमवारी एकच फोटो धड आला. मी तो छापून दिला, तर पट्ट्या उजवीकडे. चार दिवस सर आरसे तपासत राहिले. "इलेक्ट्रॉन गेले कुठं? बाजाराला गेले व्हय?" गुरुवारी मात्र ते हसले नाहीत. लेझर देणाऱ्यांना पुण्याला पत्र लिहायला बसले : प्रयोग फसला.

मी डार्करूममध्ये जाऊन निगेटिव्ह काढली आणि दिव्यासमोर धरली. छापताना ती मी उलट्या बाजूने लावली होती. स्टुडिओत असं झालं की शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, लगेच कळतं. पट्ट्यांना खिसा नसतो. सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर ते पत्र जाणार.

"सर, निगेटिव्ह उलटी लागली होती. माझ्याकडून."

सरांनी ती खिडकीशी धरली, उलटवली, पुन्हा उलटवली.

"म्हंजी चार दिस मी आरशांना शिव्या घालतोय, अन् ते बिचारे बरोबर हुते."

"मला घरी पाठवणार का, सर?"

"आधी आरशांची माफी मागू दे. मग तुझं बघू."

त्यांनी पत्र फाडलं. त्या दिवसापासून, सुलटी बाजू ओळखू यावी म्हणून, प्रत्येक निगेटिव्हचा उजवा कोपरा कापायचा नियम झाला. पहिला कोपरा त्यांनी स्वतः कापला.

सहा महिन्यांची बोली दोन वर्षं चालली. मग जागाच बंद झाली. निघताना सरांनी दाखला दिला. त्यात शिक्षणाचा उल्लेख नव्हता, एकच ओळ होती : 'यांच्या हातून चूक झाली तर हे स्वतः येऊन सांगतात.'

मी घाबरलो. "सर, हे कुणाला दाखवू?"

"समद्यांना दाखव. ज्याला कळंल त्याच्याकडंच ऱ्हा."

दोन ठिकाणी लोक हसले. तिसऱ्या ठिकाणी छापखान्याच्या मालकांनी दाखला दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि डार्करूमची किल्ली माझ्या हातात ठेवली.